मॉरिस मायनरसाठी अँटीफ्रीझ: सिलिकेटवालं, दोन वर्षांचं, जुन्या पद्धतीचं

माझी मॉरिस मायनर, ही जुनी ब्रिटिश मोटारगाडी, 1960 च्या दशकातली. अँटीफ्रीझ म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचा द्रव: त्याने पाणी गोठत नाही आणि आतले धातू गंजत नाहीत. माझ्या गाडीत मी पारंपरिक, सिलिकेटवालं (सिलिकेट हा गंजरोधक क्षार) अँटीफ्रीझच घालते. डब्यावर बहुतेक वेळा 'आयएटी' (IAT, म्हणजे अकार्बनी गंजरोधकांचं) असं लिहिलेलं असतं. ज्यांची गाडी याच पिढीतली आहे त्यांनीही हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण गाडीच्या धातूंमध्ये आहे. ब्लॉक आणि हेड ओतीव लोखंडाचे, रेडिएटर तांब्यापितळेचा आणि त्याचे सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले. पारंपरिक अँटीफ्रीझ याच धातूंसाठी बनलेलं आहे. पाच वर्षं टिकणारं 'ओएटी' (OAT, म्हणजे सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं अँटीफ्रीझ) पाहून मोह होतो, पण त्याची रचना मुख्यतः ॲल्युमिनियमची इंजिनं आणि रेडिएटर डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. त्याच्या काही प्रकारांत 2-इथाइलहेक्झानॉइक आम्ल असतं. ते जुन्या डाखाला त्रासदायक ठरू शकतं आणि काही सील, गॅस्केट मऊ करतं. साठ वर्षं टिकलेल्या सांध्यांवर मी तरी हा प्रयोग करणार नाही.

रंगावर अजिबात जाऊ नका. पारंपरिक अँटीफ्रीझ सहसा निळं किंवा हिरवं असतं, पण रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याला कुठलाही सर्वमान्य नियम नाही. डब्याची मागची बाजू वाचा: सिलिकेटचा उल्लेख, 'आयएटी' ही अक्षरं, बीएस 6580 हे ब्रिटिश मानक. यातलं काहीच नसेल तर डबा परत ठेवा.

मिश्रण मी निम्मं-निम्मं करते. त्याने गोठणबिंदू साधारण उणे 37 अंशांपर्यंत उतरतो आणि उकळबिंदू 107 च्या आसपास चढतो. नुसतं अँटीफ्रीझ जास्त संरक्षण देईल असं वाटतं, पण त्यातला मुख्य घटक एथिलीन ग्लायकॉल पाणी न मिसळता उणे 13 लाच गोठतो आणि उष्णताही कमी वाहून नेतो. पाणी मात्र डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार आत साचत जातात.

खरी मेहनत भरण्याआधीची. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, रेडिएटरची खालची तोटी सोडायची आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूची तोटीही सोडायची. ही दुसरी बहुतेक जण विसरतात. तिच्या तोंडाशी गंजाचा चिखल इतका घट्ट बसलेला असतो की तोटी उघडूनही थेंब पडत नाही. एक बारीक तार आत घालून हलकेच फिरवली की आधी काळपट तपकिरी गाळ येतो, मग धार लागते. पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करत राहायचं. आधी 'ओएटी' घातलेलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण दोन रसायनं एकत्र आली की जेलीसारखा थर धरू शकतो.

भरताना रेडिएटर गळ्यापर्यंत भरू नका. या गाडीला एक्स्पान्शन टाकी नाही. द्रव तापून फुगला की जास्तीचा ओव्हरफ्लो पाइपमधून रस्त्यावर जातो. गळ्याखाली इंचभर जागा सोडली की पुरतं.

उणीव एकच, पण मोठी: यातले गंजरोधक घटक झिजतात, म्हणून दर दोन वर्षांनी बदलणं आलंच. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं साधन) ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, गंजरोधक किती शिल्लक आहे ते सांगत नाही. त्यामुळे मिश्रण वरून छान दिसतंय म्हणून तारीख पुढे ढकलू नका. शिवाय अँटीफ्रीझ बारीकसारीक फटीही शोधून काढतं, तेव्हा होसच्या क्लिपा नव्याने आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

पाणीविरहित कूलंट (पाणी न मिसळता वापरायचा, इंजिन थंड ठेवणारा द्रव) महागडं आहे, त्यासाठी सिस्टिम पूर्ण कोरडी करावी लागते. या साध्या इंजिनाला मला त्याची गरज वाटत नाही.

काढलेलं अँटीफ्रीझ उघड्या बादलीत ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.