बीजाणू की स्पॉन? ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये धिंगरी लावण्याआधी

पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेर पानावर मांडलेली रानातली अळंबी पाहिली की ती घरीच उगवून बघाविशी वाटते. त्यातली वारुळावरची आधीच बाजूला काढा. ती वाळवीच्या सोबतीनेच वाढते, घरात जमत नाही. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, जमते: बीजाणूंपासून (अळंबीचं पिठासारखं बी) किंवा तयार स्पॉनपासून.

बीजाणू फुकट मिळतात. देठ कापा, टोपी पट्ट्यांची बाजू खाली करून फॉइलवर ठेवा, वर वाटी झाका. 12 ते 24 तासांत पांढरट-जांभळट ठसा उमटतो. इथपर्यंत मजा आहे, पुढे प्रयोगशाळा. 200 ग्रॅम बटाट्यांचा काढा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 20 ग्रॅम अगार (जेलीसारखा गोठवणारा पदार्थ) आणि पाणी मिळून एक लिटर, कुकरमध्ये 15 पौंड दाबावर 20 मिनिटं. हे प्लेटमध्ये गोठलं की त्यावर ठशातले बीजाणू टाकायचे. ठशाबरोबर हवेतली बुरशीही येते, म्हणून बीजाणूंतून फुटलेले स्वच्छ तंतू दोन-तीनदा नव्या प्लेटवर घ्यावे लागतात. नंतर ते कुकरमध्ये दीड तास निर्जंतुक केलेल्या ज्वारीवर वाढवायचे. एका बीजाणूचा तंतू एकटा फळत नाही, जुळणारा जोडीदार लागतो. त्यामुळे पीक कसं येईल याचा भरवसा नाही. पहिली भाजी ताटात यायला दोन-तीन महिने धरा.

स्पॉन म्हणजे हे सगळं आधीच झालेले दाणे. एक किलो सुक्या भाताच्या पेंढ्याला 100 ग्रॅम पुरतं. पेंढा दोन इंचांचा कापून रात्रभर भिजवा, 65 ते 70 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळून गार करा. मूठ घट्ट आवळल्यावर तळवा ओला व्हावा, पण थेंब पडू नये. बहुतेकांची पिशवी इथेच बिघडते: पाणी जास्त राहिलं की तळाशी आंबूस वास येतो, मग हिरवे डाग. पेंढा-स्पॉनचे थर भरून पिशवीला भोकं पाडा, अंधारात ठेवा. 15 ते 20 दिवसांत पांढरी झाली की उजेड, हवा आणि दिवसातून दोन-तीनदा फवारा. एका किलोतून साधारण 500 ते 700 ग्रॅम धिंगरी निघते. देठ लांब आणि टोप्या बारीक आल्या तर खोली कोंदट आहे, खिडकी उघडा. पांढरी धिंगरी डिसेंबर-जानेवारीत लावा, उन्हाळ्यात गुलाबीच.

पहिल्यांदा करणाऱ्याने स्पॉनच घ्यावं. एखादी आवडलेली धिंगरी जपायची असेल तरी बीजाणूंपेक्षा ताज्या देठाच्या आतला तांदळाएवढा तुकडा अगारवर ठेवणं बरं, कारण वाण तोच राहतो.

येऊरच्या जंगलातून मात्र काही उचलू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. ठशावरून खाण्याजोगी अळंबी ओळखता येते, हाही गैरसमज. सोसायटीच्या हिरवळीवरच्या एका विषारी छत्रीचा ठसा हिरवट पडतो हे खरं, पण अमानिटा या जीवघेण्या अळंबीचा पांढराच असतो.

आणि टोपीची कड सपाट होऊन वर वळायच्या आत तोडणी करा. उशीर झाला तर फ्रिजवर पिठासारखा थर बसतो, आणि घरात दमेकरी असेल तर तेच बीजाणू त्याला खोकायला लावतात.