स्टिअरिंग सैल झालंय: अलाइनमेंट, टाय रॉड एंड की अख्खा रॅक?

हायवेवर गाडी सरळ राहत नाही म्हटलं की तीन सल्ले मिळतात: अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) बदला, नाहीतर रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारी दातेरी दांडी) गेलाय. तिन्हींच्या खर्चात बरीच तफावत आहे आणि क्रम चुकला तर आधी घातलेले पैसे वाया जातात. इथे विचार केलाय तो रॅक-पिनियन (रॅक आणि तो सरकवणारं दातेरी चाक) आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या साध्या हॅचबॅकचा.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. गाडी उभी, इंजिन चालू, चाकं सरळ. स्टिअरिंग दोन बोटांनी हलकेच फिरवा आणि पुढचं चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंगच्या कडेने किती अंतर कापलं ते पट्टीने मोजा. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ३० मिमीपर्यंतचा प्ले (मोकळा खेळ) मान्य असतो. त्याहून जास्त असेल तर कुठला तरी सांधा झिजलाय, आणि अलाइनमेंटने झीज जात नाही. प्ले मर्यादेत असूनही गाडी भरकटत असेल तर टायर, टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत तो कोन) आणि लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश (रबरी जोड) तपासा.

अलाइनमेंट सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळे आधी तेच करतात. पण ते शेवटी करायचं काम आहे: सैल सांध्यावर लावलेला टो पहिल्याच खड्ड्यात बदलतो. त्याआधी टायर थंड असताना चारही चाकांची हवा बघा. मागची हवा कमी असली तरी गाडी डुलते. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा (एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर नको). ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. टायरवरून हात आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एकीकडे गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. अलाइनमेंटच्या प्रिंटआउटवर दोन्ही बाजूंच्या कास्टरमध्ये (बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) मोठा फरक दिसला तर आर्म वाकलाय किंवा सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात तो खालचा सांगाडा) सरकलीय. बहुतेक हॅचबॅकमध्ये कास्टर ॲडजस्ट होत नाही, त्यामुळे ते अलाइनमेंटवाल्याच्या हातात नसतं.

टाय रॉड एंड आणि रॅक एंड (टाय रॉड रॅकला जोडणारा आतला सांधा) हेच बहुतेक वेळा खरे गुन्हेगार. चाकं जमिनीवरच ठेवा. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. सांध्याचे दोन्ही भाग एकदम हलले पाहिजेत. एक आधी हलला आणि दुसरा टक् करून मागून आला तर तो सांधा गेला. रॅक एंड रबरी बूटच्या (आवरणाच्या) आत असतो, म्हणून बूट मुठीत दाबून चाचपा.

मग गाडी जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉडकडे बघा. १२ आणि ६ ला जाणवला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

बाहेरचे एंड जोडीने बदललेले बरे. रॅक एंड मात्र प्ले असेल तिथलाच बदला. एक पावसाळा चिखलाचं पाणी फाटक्या बूटमधून आत गेलं की नवा सांधाही गंजतो, म्हणून फाटका बूट परत बसवू देऊ नका. जुना एंड काढताना त्याचे आटे मोजायला सांगा. नवा तेवढ्याच आट्यांवर बसला तर गाडी अलाइनमेंटपर्यंत नीट जाते.

लोअर आर्म बुश गेला तर स्टिअरिंग घट्ट लागतं, पण ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी एकीकडे आणि ब्रेक मारल्यावर दुसरीकडे जाते. पहारीने आर्म हलवून पाहिला की फाटलेलं रबर दिसतं. बॉल जॉइंट घट्ट असेल तर फक्त बुश प्रेस करून घ्या. तोही सैल आणि आर्मलाच जोडलेला असेल तर पूर्ण आर्म घेणं परवडतं.

रॅक बदलायचा तो या सगळ्यानंतर. त्याआधी पेडलजवळचा स्टिअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (तिरक्या दांड्या जोडणारा सांधा), त्याचा क्लॅम्प बोल्ट आणि रॅकचे माउंटिंग बोल्ट बघा. ते घट्ट आहेत, एंडही घट्ट आहेत, तरी रॅकची दांडी हाउसिंगमध्ये वर-खाली हलतेय, तेव्हाच रॅक दोषी. रॅकचा खालचा ॲडजस्टर आवळून देतो असं कुणी म्हणालं तर सावध राहा. रॅक मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला खेळ जाईपर्यंत आवळलं की कडेला रॅक जड होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. (जिप्सीसारख्या गाडीत रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो. तिथे ॲडजस्टिंग स्क्रू थोडा फिरवणं रास्त आहे, पण चाकं सरळ ठेवून, आणि आधी सगळे एंड तपासून.)

पॉवर स्टिअरिंगची मोटर स्टिअरिंग कॉलमवर (स्टिअरिंगखालच्या दांड्यावर) असेल तर खालचा रॅक साधा मेकॅनिकल असतो आणि हायड्रॉलिक रॅकइतका महाग पडत नाही. म्हणून दात झिजलेले असतील तर दुरुस्तीपेक्षा नवा घ्या. फक्त रॅकच्या टोकाचा बुश गेला असेल तर बुश पुरे. रॅक बदलल्यावर अलाइनमेंट हवंच, आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्या.

तपासणीत बॉल जॉइंट सॉकेटमधून वर-खाली हलताना दिसला किंवा एंडच्या नटाची स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी पिन) गायब असेल, तर गॅरेजपर्यंतही गाडी चालवू नका, टोइंगच्या गाडीने उचलून न्या.