शुगरसाठी बायपास की आतड्याचं ते कॅथेटरवालं?

आमच्या मामाजींची शुगर उपाशीपोटी २१० दाखवून राहिली, गोळ्यांचा स्टीलचा डबा भरलेला, सकाळची तर्री पण सोडली तरी हेच, म्हणून नागपुरात धंतोलीत डॉक्टरांनी बायपासचा (हृदयाचा नाही, पोट-आतड्याचा) विषय काढला अन् मी बायपास आणि ते कॅथेटरवालं, दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या.

बायपासमध्ये दुर्बिणीनं पोटाची छोटी पिशवी करतात अन् खालचं आतडं तिला जोडतात, म्हणजे अन्न ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, लागतच नाही. गंमत म्हणजे वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच शुगर उतरते, त्यावरूनच डॉक्टर लोकांचं लक्ष या ड्युओडेनमकडे गेलं. पण हे मोठं ऑपरेशन आहे, अन् बी-१२, लोह वगैरे जन्मभर घ्यावं लागते.

दुसऱ्यात, कॅथेटरवाल्यात, कापाकापीच नाही. तोंडातून एंडोस्कोपसोबत (कॅमेऱ्याची नळी) कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, जाते, ड्युओडेनमच्या आतल्या अस्तराखाली सलाईन भरून ते उचलतात, मग बलूनमध्ये साधारण ९० डिग्रीचं गरम पाणी, तेवढं अस्तर जळते अन् नवीन येते. पण २०२० ला छापून आलेल्या एका अभ्यासात २४ आठवड्यांनी एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, टक्क्यांत येते) सरासरी ०.९ नेच कमी झालं, आणि ही पद्धत अजून बरीचशी अभ्यासाच्याच पातळीवर आहे. टाइप २ साठीच, टाइप १ वाल्यांनी आशा लावू नये.

वजन खूप असेल तर मला बायपासच पटते, पुरावा तिकडे जास्त आहे. मामाजींचं वजन मात्र ६८ किलो, म्हणून मी त्यांना घाई करू नका म्हटलं, आधी इन्सुलिनचं विचारू.