खडेबाजारातले गटिंगवाले काका आणि माझी चिरलेली रॅकेट

आधीच सांगतो, बॅडमिंटनच्या रॅकेटला गट, म्हणजे जाळीची तार, घालून देणाऱ्या या काकांकडं दुपारी एक ते चारच्या मध्ये जाऊ नका, शटर खाली असतंय. मी दोनदा भर उन्हात टिळकवाडीतनं गाडी काढून खडेबाजारात गेलो, गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली आणि बघतो तर कुलूप. तरीपण तिसऱ्यांदा गेलो, कारण रॅकेट हातात घेतल्यावर पैशाच्या आधी "खेळता कसं?" विचारणारा माणूस मला बेळगावात दुसरा भेटलेला नाही.

झालं काय, गेल्या दिवाळीला हौसेनं योनेक्सची रॅकेट घेतली. फोर यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅमची, हातात घेतली की आहे की नाही कळत नाही. तिच्याबरोबर आलेली गट ढिली वाटायली म्हणून एका दुसऱ्या दुकानात नवीन घालायला दिली (नाव सांगत नाही, भांडण नको). तिथल्या पोराला मीच शहाणपणानं सांगितलं, मोठे प्लेअर तारेला ३० पौंडाचा ताण लावतात म्हणे, आपल्याला २८ लाव. त्यानं लावलं की! फ्रेमवर दांडीच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात २४ पौंडाची मर्यादा छापलेली होती, ती त्यानं वाचली नाही आणि मीही नाही. आठ दिवसांत डबल्समध्ये पार्टनरच्या रॅकेटला जराशी लागली आणि फ्रेम वरच्या कोपऱ्यात कट्ट करून चिरली. दुकानदार म्हणतोय, क्लॅश झाला तर वॉरंटी नाही. क्लॅश झाला हे खरं, पण साहेब, धनुष्यागत ताणून ठेवलीसा तर मोडायला निमित्तच लागतंय. चुकी निम्मी माझी, हे बायकोसमोर सोडून सगळीकडं कबूल करतो.

तर दुसरी रॅकेट घेऊन या काकांकडं. दुकान दहा बाय बारा असेल, बाहेर क्रिकेटच्या बॅटी नि कॅरमच्या सोंगट्यांची खोकी, आत ट्यूबलाईट एकच आणि ती पण लुकलुकणारी. भिंतीवर जुनी लाकडी रॅकेट टांगलेली आहे, चार कोपऱ्याला स्क्रू असलेल्या लाकडी चौकटीत आवळलेली. मला वाटलं शोभेला आहे. काका म्हणाले, लाकूड ओलीनं वाकतंय, म्हणून खेळ संपला की असं आवळून ठेवायला लागायचं, आणि आपल्या बेळगावचा पावसाळा म्हणजे तुम्हाला माहीत आहेच. तिच्या शेजारी प्रकाश पदुकोणचा पेपरातनं कापलेला फोटो, पिवळा पडलेला. १९८० ला ऑल इंग्लंड या बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये लिम स्वी किंगला १५-३, १५-१० हरवलं तो स्कोअर काकांना पाठ. मी गोपीचंदनं २००१ ला तीच स्पर्धा जिंकली ते काढलं तर म्हणाले तो पण भारी, पण पहिला तो पहिला.

मग मुद्द्याचं. मी परत २६ म्हटलं (सवय जात नाही). काकांनी रॅकेट बाजूला ठेवली आणि चौकशी सुरू केली, आठवड्यातनं किती दिवस, सिंगल का डबल, मागनं उंच मारलेला टॉस समोरच्या मागच्या लाईनीपर्यंत पोचतो का, कोपर दुखतंय का. कोपर दुखतंय म्हटल्यावर मागं बसलेल्या त्यांच्या मित्राकडं बघून म्हणाले, "इप्पत्तेरडु साकु." बावीस बास. आणि मग मला मराठीत समजावलं. जाळी ढिली असली की फूल, म्हणजे शटल, आत जरा रुततं आणि तीच त्याला फेकती, तुमचा जोर कमी लागतो. ताणली की फेक कमी होती, कंट्रोल वाढतो, पण मग जोर मनगटातनं यायला पाहिजे आणि फूल बरोब्बर मधोमध लागायला पाहिजे. "तुमचं मधोमध लागतंय का?" असं विचारलं त्यांनी. मी गप्प बसलो.

गट बीजी ६५ घातली, ०.७० मिलीमीटरची, जाड आणि टिकाऊ. मला ०.६५ वाली बारीक पाहिजे होती, आवाज टणटणीत येतो म्हणून, तर म्हणाले फ्रेमवर मारणाऱ्या माणसानं बारीक घेऊ नये. अपमान झाला पण पैसे वाचले. एक मजा सांगतो, गट म्हणजे इंग्रजीत आतडं, पूर्वी खरंच जनावराच्या आतड्याची तार काढून जाळी विणायचे, आता सगळं नायलॉन आहे तरी आपण गटिंगच म्हणतो.

काम मात्र समोर बसून बघण्यासारखं आहे. मशीन हँडलचं आहे, लाईट गेली तरी चालतंय. आधी फ्रेम सगळ्या बाजूनं चिमट्यात आवळली. मग उभ्या तारा मधनं सुरू करून एक डावीकडं एक उजवीकडं अशा बाहेर बाहेर नेल्या, एकाच बाजूनं ओढत गेलं तर फ्रेम वाकडी होती म्हणे. आडव्या तारा मात्र वरखाली वरखाली, बुरडानं सूप विणावं तशा, आणि प्रत्येक तार ओढून झाली की बोटानं सरळ करायची. दोन ग्रॉमेट, म्हणजे भोकातल्या त्या प्लॅस्टिकच्या नळ्या, फुटलेल्या होत्या त्या न सांगता बदलल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. शेवटी अंगठ्यानं जाळीवर टिचकी मारून कान लावला. त्या आवाजावरनं पौंड कळतं म्हणाले, मी विश्वास ठेवला.

फुलाचा डबा पण इथंच घेतो आता. गोव्याच्या मित्रानं ७७ नंबरची पिसांची फुलं आणून दिली होती (नंबर म्हणजे फुलाचा वेग, जास्त नंबर म्हणजे जास्त लांब जाणारं), ती इथं सारखी मागच्या लाईनीबाहेर. आम्हाला वाटलं आमचा जोर वाढला. काका हसले. बेळगाव जवळजवळ अडीच हजार फुटांवर, इथं हवा पातळ, फूल लांब जातंय, म्हणून एक नंबर कमी, ७६ घ्या. घरी येऊन नियम बघितला तर मागच्या लाईनीवरनं खालनं वर पूर्ण जोरात मारलेलं फूल समोरच्या मागच्या लाईनीच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडं पडायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये टेप घेऊन मोजलं, ७६ वालं बरोब्बर आत पडलं, आणि ग्रुपमधले दोघं मला येडा म्हणून गेले. हेच लोक अजून सर्व्हिसला "कमरेच्या वर मारलास" म्हणून भांडतात, २०१८ पासनं कंबर गेली आणि जमिनीपासून १.१५ मीटर आलं हे त्यांना कोण सांगणार. खेळ पण गंमतच आहे, आपल्या पुण्यात गोऱ्या साहेबांनी खेळला तेव्हा पूना म्हणायचे, नाव मात्र पडलं इंग्लंडातल्या कुठल्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाऊसवरनं.

आता तक्रारी. दोन दिवसात देतो म्हणतात आणि चार दिवस लावतात. फोन उचलत नाहीत. बूट ठेवतात पण सहा-सातच जोड, गम सोलचे माझ्या नऊ नंबरात कधीच नसतात. ग्रिप गुंडाळताना खाली जरा जाड करून देतात, मला नाही आवडत, घरी उकलून परत गुंडाळतो. आणि बोलतात लई, घाई असेल तर बसूच नका. म्हणून पाचपैकी चार स्टार. गट आणि मजुरी धरून माझे ५५० गेले, त्या २८ पौंडवाल्यानं ७०० घेतले होते.

परवा पोरीची रॅकेट द्यायला गेलो, ती आता चौथीत आहे, नुकतीच खेळायला लागली. काकांनी तिच्या हाताची मूठ बघितली, पावतीवर १८ लिहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिला तरी २८ शिकवू नका." गुरुवारी आणायला जायचंय. चारनंतर.