साठ टक्के 'स्कॉलरशिप'चा कोर्स आणि हजार रुपयांची परीक्षा, दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितेय

आधी रेटिंग देऊन टाकते, कारण बऱ्याच जणी तेवढंच वाचून पुढे जातात. ऑनलाइन ॲकॅडमीचा बायकांसाठीचा लीडरशिप प्रोग्राम, पाचपैकी दीड. एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन लेक्चरांचा, सर्टिफिकेट कोर्स, पाचपैकी सव्वाचार. ॲकॅडमीचं नाव लिहीत नाही, तशा दहा आहेत आणि सगळ्यांची जाहिरात एकाच साच्यातली असते, लॅपटॉपसमोर ब्लेझर घातलेली हसरी बाई आणि वर 'वर्किंग विमेनसाठी स्पेशल स्कॉलरशिप'.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत स्टोअर-परचेसला आहे, नऊ वर्षं झाली. बीकॉम लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं, आपलं गंगापूर धरणाकडचं यशवंतराव चव्हाण, त्यामुळे रात्री भांडी आवरून अभ्यास करायची सवय आहे. झालं असं की सीनियर एक्झिक्युटिव्हची पोस्ट निघाली आणि ती मिळाली एका एमबीए मुलाला, ज्याला जीआरएन (आलेल्या मालाची पोचनोंद) कसा काढायचा ते मीच शिकवलं होतं. मुलगा चांगला आहे, मला ताईच म्हणतो, त्याचा काही दोष नाही. पण त्या रात्री मी मोबाइल घेऊन बसले आणि 'प्रमोशनसाठी कोर्स' असं काहीतरी शोधलं, मग काय, पुढचे आठ दिवस फोनवर दुसरं काही दिसेचना.

तर त्या ॲकॅडमीची आधी 'स्कॉलरशिप टेस्ट' होती. वीस प्रश्न, वीस मिनिटं, 'टीममध्ये वाद झाला तर तुम्ही काय कराल' छापाचे. मी अगदी मन लावून सोडवली. दुसऱ्या दिवशी फोन, मॅम काँग्रॅच्युलेशन्स, तुम्हाला साठ टक्के स्कॉलरशिप मिळालीय, फी एक लाख वीस हजार, तुम्हाला फक्त अठ्ठेचाळीस हजार. मी डब्यातली बर्फी वाटली ऑफिसमध्ये, खोटं कशाला सांगू. मग आमच्या अकाउंट्समधल्या मैत्रिणीने गंमत म्हणून तीच टेस्ट दिली, निम्मे प्रश्न रिकामे सोडले. तिलाही साठ टक्के!

तिथेच कळायला हवं होतं ना. पण कौन्सेलर रोज फोन करणार, मॅम ही सीट आज रात्री बारापर्यंतच होल्डवर आहे, मॅम तुम्ही स्वतःमध्ये इन्व्हेस्ट करणार नाही तर कोण करणार. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या, त्यांनी स्पीकरवर सगळं ऐकलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, अगं, स्कॉलरशिप तुला मिळाली ना, मग पैसे त्यांनी द्यायचे का तू? मी त्यांना जरा रागातच समजावलं की आई, हल्ली असं नसतं. आता आठवलं की हसू येतं, कारण अख्ख्या प्रकरणात एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलाच नाही, मीसुद्धा नाही.

अठ्ठेचाळीसवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४०. ते 'झिरो कॉस्ट ईएमआय'वर, महिना ४,७२० प्रमाणे बारा हप्ते. आता हे नीट वाचा. ईएमआय म्हणजे ॲकॅडमी तुमच्याकडून दर महिन्याला फी घेते असं नाही. एक फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते, सगळे पैसे ॲकॅडमीला देऊन मोकळी होते, आणि तुम्ही वर्षभर फायनान्सवाल्यांना फेडत बसता. मी तिसऱ्या आठवड्यात सोडायचं म्हटलं तर ॲकॅडमी म्हणते रिफंडची मुदत सात दिवसांची होती, फायनान्सवाले म्हणतात आमचा कोर्सशी संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. म्हणजे क्लासला जा नाहीतर नका जाऊ, दर पाच तारखेला पैसे कटणारच.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून नियम आहेत, कर्ज घेताना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या सगळ्या अटी आणि खर्च लिहिलेला कागद, द्यावंच लागतं आणि त्यात कूलिंग-ऑफचे दिवस लिहिलेले असतात, तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि झालेलं व्याज-चार्जेस देऊन दंड न भरता बाहेर पडता येतं. माझ्या ईमेलमध्ये ती पीडीएफ पडलेलीच होती, मी उघडलीच नव्हती. शिक्षण मंत्रालयानेसुद्धा डिसेंबर २०२१ मध्ये एडटेक (ऑनलाइन शिकवणाऱ्या) कंपन्यांबद्दल सावध राहा, ऑटो डेबिटवर सह्या करताना बघा, असं पत्रक काढलं होतं. ते मुलांच्या पालकांना डोळ्यासमोर ठेवून होतं, पण आपल्यालाही तंतोतंत लागू. आणि कोणी फसवलंच असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मी केला नाही तिथे फोन, माझी मुदत माझ्याच आळसाने गेली होती.

बरं, कोर्समध्ये काय होतं? लाइव्ह सेशन संध्याकाळी सात ते साडेआठ. वर्किंग विमेनसाठीचा प्रोग्राम आणि वेळ सात! ज्याने ठरवली त्याच्या घरी स्वयंपाक आपोआप होत असणार. मी कानात इअरफोन घालून पोळ्या लाटल्या, तिकडे मॅडम सांगतायत डोळे मिटा आणि पाच वर्षांनंतरची तुम्ही बघा, इकडे तव्यावर पोळी करपतेय. 'पर्सनल मेंटॉर' म्हणजे साठ जणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. स्लाइड्सवर उदाहरणं सगळी मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या सीईओ बायकांची, मला तर सप्लायरने शॉर्ट माल पाठवून पूर्ण बिल लावलं तर त्याला फोनवर कसं खडसवायचं ते हवं होतं.

दीड स्टार का दिले मग? एका सेशनसाठी. पगारवाढ मागण्यावर एक ट्रेनर आल्या होत्या, त्यांनी सांगितलं की दर शुक्रवारी पाच ओळी लिहून ठेवा, या आठवड्यात काय काम केलं आणि कंपनीचे किती पैसे किंवा किती तास वाचले, आकड्यात. ते मी तेव्हापासून करतेय, जुन्या डायरीत, आणि ते खरंच उपयोगाचं आहे. पण ५६,६४० रुपयांना एक डायरी जरा महागच झाली.

आता एनपीटेल. हे आयआयटी आणि बंगलोरच्या आयआयएससीचं, सरकारच्या स्वयम पोर्टलवर असतं, लेक्चर बघायला एक पैसा लागत नाही. परीक्षा द्यायची असेल आणि सर्टिफिकेट हवं असेल तरच फी, मी भरली तेव्हा एका कोर्सला हजार रुपये. वर्षातून दोन सेमिस्टर, जानेवारी आणि जुलै. मला त्या एमबीए मुलानेच सांगितलं हे, ताई तुम्ही उगाच पैसे घालवताय, आमच्या कॉलेजात सगळे हेच करायचे. मी जुलैचा 'ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट' घेतला, आयआयटी मद्रासचा, बारा आठवड्यांचा.

पहिले दोन आठवडे डोक्यावरून गेले हे कबूल करते. इंग्रजी आहे, सर शांतपणे बोलतात पण गणित भरपूर, आणि आमचं गणित बारावीनंतर बंद. मी व्हिडिओचा स्पीड कमी करून बघायचे, एक लेक्चर अर्ध्या तासाचं ते मला दीड तास लागायचं. पण रेकॉर्डेड आहे ना, रात्री दहाला बघा, सकाळी पाणी यायच्या वेळी बघा, कोण विचारतंय.

आणि मग आलं इन्व्हेंटरी. एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र आहे, वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक नग वर्षभर ठेवायचा खर्च, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. मी ते आमच्या हँडग्लोव्ह्जना लावून बघितलं. वर्षाला १२,००० जोड लागतात. एक पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायचा, फॉलोअप, टेम्पो, उतरवणं, एंट्री, सगळं धरून साधारण तीनशे रुपये. जोड पंचवीस रुपयांचा, ठेवायचा खर्च वीस टक्के धरला तर पाच रुपये. उत्तर आलं बरोब्बर १,२००. आणि आम्ही काय करत होतो, महिन्यातून दोनदा पाचशे-पाचशे, का तर आधीचे स्टोअरकीपर काका तसं करायचे आणि पाचशेचा बॉक्स येतो म्हणून! चोवीस ऑर्डरऐवजी दहा. खर्च मांडला तर ८,४५० वरून ६,००० वर, वर्षाला २,४५० रुपये वाचले. साहेबांना दाखवलं तर ते हसले, म्हणाले अडीच हजारासाठी एवढा कागद खराब केलास. मी म्हटलं सर, हे एकट्या ग्लोव्ह्जचं झालं, आपल्याकडे असे कन्झ्युमेबल्सचे चाळीस आयटम आहेत. मग हसायचे थांबले आणि शीट मेल कर म्हणाले. शुक्रवारच्या डायरीत त्या दिवशी पाच ओळी पुरल्या नाहीत.

मार्कांचं गणित सांगते. दर आठवड्याला असाइनमेंट, सबमिट करायची मुदत साधारण बुधवारी रात्री ११:५९, ती चुकली की चुकली, कोणाला फोन करून उपयोग नाही. पण बारापैकी तुमच्या सगळ्यात चांगल्या आठच धरतात, म्हणून माझी गौरींच्या जेवणाच्या आठवड्यातली राहिली तरी चाललं. असाइनमेंटचे पंचवीस, परीक्षेचे पंचाहत्तर, आणि पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे किमान मार्क लागतात, पंचवीसपैकी दहा आणि पंचाहत्तरपैकी तीस. म्हणजे असाइनमेंट मैत्रिणीचं बघून मारलं तरी सेंटरला जाऊन कॉम्प्युटरवर बसून परीक्षा द्यावीच लागते. मला तेवीस आणि चव्वेचाळीस, एकूण सदुसष्ट. साठच्या वर असलं की सर्टिफिकेटवर 'एलिट' लिहून येतं. माझ्या मुलीने ते वाचून विचारलं, मम्मी तू एलिट आहेस का, तेव्हा मी हातात झाडू घेऊन माळ्यावरची जळमटं काढत होते.

पाऊण स्टार कापला तो यासाठी की हे मुळात कॉलेजच्या मुलांसाठी बांधलेलं आहे, नोकरी करणाऱ्या बाईला कोणी हात धरून नेत नाही, कोणी फोन करून विचारत नाही की ताई या आठवड्यात दिसला नाहीत. परीक्षेची तारीख ठरलेली, त्या दिवशी पोरगं आजारी पडलं तर पुढच्या वेळी बघा. आणि परीक्षेचं रजिस्ट्रेशन कोर्सच्या नावनोंदणीपेक्षा वेगळं असतं, त्याची तारीख आधीच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, बऱ्याच जणी लेक्चर सगळी बघतात आणि तिथे चुकतात. मराठीत काही कोर्सचं लिखित भाषांतर असतं, तुमच्या कोर्सचं आहे का ते घेण्याआधी बघा.

पैशांचं अजून एक. मला हजार रुपयेही खिशातून पडले नाहीत. आमच्याकडे ऑडिट होतं आयएटीएफचं, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांच्या क्वालिटी स्टँडर्डचं, त्यात कोणाला काय ट्रेनिंग दिलं याचे रेकॉर्ड दाखवावेच लागतात, आणि एचआरला दरवर्षी तो तक्ता भरताना घाम फुटतो. मी सर्टिफिकेट आणि पावती नेऊन दिली तर एचआर मॅडम खूश, त्यांची एक लाइन फुकटात भरली गेली, पुढच्या पगारात हजार आले. नऊ वर्षांत मला माहीतच नव्हतं की ट्रेनिंगचं बजेट असं काही असतं. तुमच्या कंपनीत विचारा, लाजू नका, फार तर नाही म्हणतील.

आणि खरी स्कॉलरशिप हवी असेल तर तीही आहे, पण ती रोज फोन करून मागे लागत नाही. सायन्स शिकलेल्या आणि मुलाबाळांपायी करिअर थांबलेल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजना आहेत, त्यात पेटंटच्या कामाचं वर्षभराचं ट्रेनिंग स्टायपेंडसकट असतं, म्हणजे पैसे ते तुम्हाला देतात. टाटांनी २००८ मध्ये ब्रेक घेतलेल्या बायकांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप काढली होती, तीसुद्धा मानधन देऊन. परदेशात शिकायला जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, १८९२ पासून, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या स्कॉलरांमध्ये डॉ. फ्रेनी कामा होत्या. मला त्यांचं आवडलं ते हे की ते कर्जच देतात आणि त्याला सरळ 'लोन स्कॉलरशिप' म्हणतात. आमच्या कौन्सेलरच्या तोंडून लोन हा शब्द एकदाही बाहेर पडला नव्हता.

पोस्टचं विचाराल तर अजून तिथेच आहे, पण ते चाळीस आयटम आता माझ्याकडे आहेत आणि अप्रेझलला डायरी घेऊन जाणार आहे. ॲकॅडमीचे अजून तीन हप्ते बाकी आहेत.

जानेवारीच्या सेमिस्टरला कॉस्टिंगचं काहीतरी घ्यायचा विचार आहे, फक्त मध्ये मार्चएन्ड आणि स्टॉक टेकिंग येतंय. कोणी जानेवारीचा बॅच नोकरी करून पूर्ण केला असेल तर सांगा, मार्चमधल्या असाइनमेंट कशा जमवल्या ते.