एमजीबीसाठी तांबे-निकेलच्या ब्रेक पाइपांचा संच : वर्षभराच्या वापरानंतर

माझी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६६ सालची आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांप्रमाणे तिलाही पुढे डिस्क, मागे ड्रम आणि चारही चाकांसाठी मिळून एकच हायड्रॉलिक मार्ग आहे. म्हणजे मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) मागच्या ॲक्सलपर्यंत एकही पाइप फुटला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हाती उरतो तो फक्त मागच्या ड्रमवर चालणारा हँडब्रेक. त्यामुळे मूळच्या पोलादी पाइपांवर, नेमक्या क्लिपांखाली, गंजाचे फोड दिसले, तेव्हा एकेक पाइप बदलत बसण्याऐवजी मी पूर्ण संच मागवला. त्यात तांबे-निकेलच्या ३/१६ इंची नळ्या होत्या, त्यांची टोके घडवून नट आधीच चढवलेले होते, आणि सोबत पोलादी जाळीचे तीन होज, म्हणजे हलत्या भागांना जोडणाऱ्या लवचिक नळ्या, होते.

या संचातील नळ्यांबद्दल मी निःशंकपणे चांगले बोलू शकतो. सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असलेला हा मिश्रधातू समुद्राच्या पाण्यातही टिकतो, म्हणून जहाजांच्या पाइपांसाठी तो वापरला जातो. व्होल्वोनेही १९७६ पासून ब्रेक पाइपांसाठी तोच स्वीकारला. निव्वळ तांब्याची नळी त्याहून मऊ असते खरी, पण गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी ती कडक होत जाते आणि शेवटी तडकते, त्यामुळे केवळ रंग पाहून तांब्याची नळी घेणाऱ्यांनी सावध राहावे. तांबे-निकेलची नळी हाताने वाकते, वळणावर चपटी होत नाही, आणि जुना पाइप नमुना म्हणून शेजारी ठेवला की त्याची वळणे एकेक करून उतरवता येतात. एक्झॉस्टजवळून जाणारा भाग मात्र मी मूळ मार्गापेक्षा किंचित दूर नेला आणि प्रत्येक क्लिपमध्ये रबराची पट्टी घातली, कारण नळी गंजत नसली तरी पत्र्यावर घासून ती झिजतेच.

नट आणि टोकांचे काम तितके निर्दोष नव्हते. या गाडीत बाहेरून आटे असलेल्या नटाला फुगीर टोक लागते, तर आतून आटे असलेल्या नटाला आत दुमडलेले दुहेरी टोक. ही गफलत झाली तर नट कितीही आवळला तरी ब्रेक ऑइल पाझरतच राहते. संचातील एका नळीचे टोक प्रकाराने योग्य होते, पण घडवताना एका बाजूला सरकलेले होते. पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवले, तेव्हा त्या जोडाशी एक थेंब जमला. विक्रेत्याने कुरकुर न करता बदली नळी पाठवली, हे नोंदवले पाहिजे. तरीही ज्या जोडावर जोराच्या ब्रेकिंगला ७० बारहून अधिक दाब येऊ शकतो, त्याची अशी चूक तपासणीतून सुटायला नको होती. तुम्ही हा संच घ्याल, तर प्रत्येक टोक बसवण्यापूर्वी भिंगाखाली पाहा.

आता होजविषयी. जाहिरातीत सर्वांत मोठा दावा त्यांचाच आहे : पेडल घट्ट होईल, ब्रेक अधिक धारदार लागतील. पेडल घट्ट झाले, हे खरे आहे, परंतु त्याचे श्रेय जाळीला किती आणि बाकीच्या कामाला किती, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. माझे जुने रबरी होज आतून इतके फुगले होते की पेडल सोडल्यावरही ऑइल परत येईना आणि पुढचे डावे चाक घासत राहून तापायचे. ते काढले, नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरले, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून नीट एअर काढली. एवढ्याने कोणत्याही जुन्या गाडीचे पेडल सुधारते. ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनांक किमान २३० अंश असावा लागतो, तर पाणी शोषलेल्यासाठी ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. म्हणजे जुने ऑइल तसेच ठेवून महागडे होज लावणारा माणूस नेमके महत्त्वाचे काम सोडून देतो.

जाळीचे दोन तोटे मला गंभीर वाटतात. एक, रबरी होजला भेग पडली तर ती डोळ्यांना दिसते; इथे आतली टेफ्लॉनची नळी जाळीखाली लपलेली असते, त्यामुळे तिची अवस्था बाहेरून कळत नाही. दुसरे, उघडी जाळी ज्याला टेकते त्याला कानशीसारखी घासते. पुढचे होज लावताना मी कॅलिपरकडचे (डिस्कला पॅड दाबणाऱ्या भागाकडचे) टोक आधी घट्ट केले, मग ब्रॅकेटकडे होजचा षटकोन एका पान्याने स्थिर धरून फक्त लॉकनट फिरवला, म्हणजे होजला पीळ बसत नाही. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि चाक खाली लोंबत असताना पुन्हा पाहिले. तिथे जागा पुरेशी आहे, म्हणून ते दोन राहिले.

हा संच लावल्याने गाडी ‘आधुनिकइतकी सुरक्षित’ होते, असे सांगितले जाते. ते मला पटत नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी गाड्यांना दुहेरी मार्ग सक्तीचा झाला, तो एक मार्ग गेला तरी दुसरा उरावा म्हणून. नळी कितीही उत्तम असली तरी ती दुसऱ्या मार्गाची जागा घेऊ शकत नाही. त्यासाठी दुहेरी मास्टर सिलिंडर हवा, आणि ते काम मी स्वतंत्रपणे करणार आहे.

मागच्या ॲक्सलचा जाळीचा होज मात्र अजून खोक्यातच आहे. ॲक्सल वर आला की तो शेजारच्या पाइपाला टेकत होता, म्हणून तिथे मी नवा रबरी होज लावला आणि दर सहा महिन्यांनी गाडीखाली जाऊन तो वाकवून पाहतो.