टाकीचं झाकण दर वेळी सैल असायचं

माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, १७९८ सीसीचं चार सिलिंडर इंजिन आणि त्यावर एसयू कंपनीच्या एचएस४ कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) जोडी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, माहितीलाही तोटा नाही. तरी मी आठ महिने फसत राहिले. ज्या युक्तीने मला फसवलं ती कार्ब्युरेटरच्या कुठल्याही जुन्या गाडीवर चालेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी थंड असली की पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. वीस-पंचवीस मिनिटं सुरेख चालायची. मग चढ लागला किंवा जरा वेग धरला की आचके द्यायला लागायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर ताकद आणखी कमी व्हायची, आणि शेवटी बंद. पंधरा-वीस मिनिटं कडेला उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू. आचके सुरू होताच चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) ओढला तर आणखी शे-दोनशे मीटर जायची.

चोकची ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी गॅरेजवाल्याला सांगितली होती. जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून लोक त्याचं नाव घेत होते. गाडी बंद पडण्याच्या दोन तऱ्हा असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याला मात्र नक्की माहीत होतं. कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंट (ठिणगी तयार करणारे भाग) दगा देतात तेव्हा इंजिन बहुतेक वेळा किल्ली फिरवल्यासारखं एका क्षणात मरतं. इग्निशनवर चालणारा आरपीएमचा काटा, गाडी गिअरमध्ये पळत असली तरी, धाडकन शून्यावर येतो. पेट्रोल कमी पडतं तेव्हा इंजिन आधी धापा टाकतं, अडखळतं, काटा डगमगत खाली येतो, आणि चोक ओढून मिश्रण दाट केलं की थोडा वेळ सावरतं. मी सांगितलेलं प्रत्येक लक्षण पेट्रोलकडे बोट दाखवत होतं. त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "ताई, कॉइल गरम होऊन बसते. बदलावी लागेल."

कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. पैसे देण्याआधी तो मला शेजारी बसवून ट्रायलला घेऊन गेला. चांगली चाळीस मिनिटं, चढावरसुद्धा. गाडी एकदाही अडखळली नाही, आणि मी समाधानाने पैसे दिले. घरी येताना वळणांवर पेट्रोलचा वास आला म्हणून उतरून पाहिलं, तर टाकीचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं. पोऱ्याने घाईत नीट लावलं नसेल असं वाटलं. मी ते घट्ट फिरवलं, कडेला ओघळलेलं पेट्रोल फडक्याने पुसलं आणि पुढे निघाले.

चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली.

दुसऱ्या वेळी पंप. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि गाडीच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला खाली असतो. किल्ली फिरवली की त्याची टिकटिक ऐकू येते. फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरला जोडलेल्या पेट्रोलच्या छोट्या कुप्या) भरले की ती थांबते, नाहीतर अगदी संथ होते. त्याच्या मते पंपाचे आतले पॉइंट जळले होते. नवा पंप बसला. जुना मागितला तर म्हणाला, "तो भंगारात गेला." पुन्हा ट्रायल, पुन्हा गाडी उत्तम, पुन्हा वाटेत पेट्रोलचा वास आणि पुन्हा सैल झाकण. मी पुन्हा घट्ट केलं. या वेळी तर गाडी दुसऱ्याच दिवशी थांबली, टाकी काठोकाठ भरल्यावर पंधरा मिनिटांत.

तिसऱ्या वेळी त्याने कार्ब्युरेटरच काढून घेतले. "थ्रॉटलचे दांडे झिजलेत, हवा मारतात. दोन्ही पूर्ण नवे करायला लागतील." खरं सांगायचं तर हे पटण्यासारखं होतं. या कार्ब्युरेटरमध्ये दांडे खरंच झिजतात, फटीतून जास्तीची हवा आत शिरते आणि आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं) बिघडतं. शिवाय या इंजिनात एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तापलेला नळ) कार्ब्युरेटरच्या बाजूलाच, त्यांच्या खाली असतो, त्यामुळे उष्णतेने पेट्रोलची वाफ होते ही त्याची दुसरी कथाही अगदीच खोटी वाटली नाही. अशा माणसाचं बोलणं म्हणूनच धोक्याचं असतं. तो सांगतो त्यातली प्रत्येक गोष्ट जगात कुठेतरी खरी असते. ती आपल्या गाडीत आहे का, एवढंच तो तपासत नाही. दांडे झिजले असते तर त्रास आयडलिंगला दिसला असता, थंड गाडीतही दिसला असता. बरोबर वीस मिनिटांनी चढावर कसा दिसेल?

पाच आठवड्यांनी कार्ब्युरेटर परत आले ते आरशासारखे चकचकीत. बिलात दांडे, बुश, जेट, सुया, फ्लोटचे व्हॉल्व्ह, सगळं लिहिलेलं. ट्रायल उत्तम. झाकण? सैल. आणि मी तिसऱ्यांदा ते घट्ट केलं.

शेवटी एका परिचितांनी मला एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. निवृत्त झालेले, आता फक्त ओळखीच्यांच्या गाड्या बघणारे. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी दहा मिनिटं प्रश्नच विचारले. थंड असताना किती वेळ चालते? टाकी भरलेली असताना लवकर थांबते की अर्धी असताना? थांबते तेव्हा पंपाचा आवाज कसा असतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून आम्ही गाडी घेऊन निघालो. आचके सुरू झाले तशी त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद करून किल्ली नुसती ऑनवर ठेवायला सांगितली आणि कान मागे केला. पंप टक... टक... असा दमून चालला होता. ते म्हणाले, "पंप हवा ओढत असता तर घाईघाईने वाजला असता. हा ओढतोय, पण त्याला पेट्रोल मिळत नाही. मागून काहीतरी धरून ठेवतंय." मग ते उतरले आणि टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. त्याच क्षणी पंप भराभर वाजायला लागला, फ्लोट चेंबर भरताच गप्प झाला, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

टाकीतून जितकं पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. माझ्या गाडीच्या काळातल्या एमजीबीत ही हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून येते. पुढे उत्सर्जनाचे नियम आल्यावर काही गाड्यांत पूर्ण बंद झाकण आणि हवेसाठी कोळशाच्या डब्यातून वेगळा मार्ग आला. माझ्या आधीच्या मालकाने कधीतरी ते बंद झाकण या जुन्या टाकीवर बसवलं होतं. मग टाकीत निर्वात तयार होत जातो आणि पंपाची ताकद संपते. गाडी उभी ठेवली की कुठून तरी झिरपत हवा शिरते आणि ती पुन्हा चालते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवेला जागाच थोडी, म्हणून निर्वात लवकर तयार होतो. टाकी भरल्याच्या दिवशी पंधरा मिनिटांत थांबली होती, ती म्हणून.

आणि झाकण सैल असेल तर गाडी कधीच थांबत नाही. तीनही ट्रायल त्यामुळेच चांगल्या झाल्या. एकदा सैल राहिलं असतं तर मी विसरभोळेपणा म्हटलं असतं. तीनदा, आणि दर वेळी पैसे द्यायच्या आधीच्या ट्रायलला? कारण त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं माझं ठाम मत आहे, जरी ते सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही. पैशांपेक्षा मला राग याचा आहे की भरलेल्या टाकीचं झाकण उघडं टाकून त्याने मला रस्त्यावर सोडलं. वळणावर पेट्रोल बाहेर सांडत होतं. एक ठिणगी पुरली असती.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत मात्र पुरावा आहे. मिस्त्रींनी इंजिन बंद असताना थ्रॉटलचा दांडा दोन बोटांत धरून वर-खाली हलवला आणि मला हलवायला दिला. तो खडखडत होता. बदललाच नव्हता. मग त्यांनी कार्ब्युरेटरमधला पिस्टन आणि त्यावरचा घुमट काढून पाहिला. हे दोन भाग कारखान्यात एकमेकांना जुळवूनच बनवलेले असतात. पिस्टनची भोकं बुजवून घुमट उलटा धरला की पिस्टनवरून त्याने ५ ते ७ सेकंद घेत सावकाश घसरावं लागतं. मागच्या कार्ब्युरेटरचा घुमट धपकन खाली आला. म्हणजे एकाचा पिस्टन, दुसऱ्याचा घुमट. आणि फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली कार्ब्युरेटरच्या नंबराची पत्र्याची चकती असते, ती दोन्हींवर नव्हती. माझ्या मूळ जोडीवर होती. गाडी घेतली त्या दिवशीच्या फोटोंमध्ये ती स्पष्ट दिसते. म्हणजे ही जोडी माझी नव्हतीच.

फोटो घेऊन मी त्या गॅरेजवाल्याकडे गेले. आधी म्हणाला चकत्या साफ करताना पडल्या असतील. मग म्हणाला फोटो दुसऱ्या गाडीचे. मग आवाज चढवला. मी लेखी तक्रार केली आहे, ती चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुमची गाडी गरम झाल्यावर अशीच थांबत असेल तर कुठलाही भाग बदलण्याआधी, गाडी अडखळत असतानाच कडेला घेऊन टाकीचं झाकण उघडून ऐका. याला काही खर्च नाही. ट्रायलला निघण्यापूर्वी झाकण स्वतःच्या हाताने घट्ट करा आणि चाळीस मिनिटं गाडी स्वतः चालवा. काढलेला प्रत्येक भाग परत मागा, आणि तो मिळेल हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. कार्ब्युरेटर कुणाच्या हाती देत असाल तर चकत्यांचे नंबर टिपून ठेवा आणि घुमटावर आतल्या बाजूने तुमची खूण करा. मी ती केली नव्हती.

छिद्राचं झाकण लावल्यापासून गाडी एकदाही थांबलेली नाही. ती दुसऱ्याची जोडी अजून तिच्यावरच आहे. माझ्या मूळ जोडीतल्या पुढच्या कार्ब्युरेटरच्या घुमटावर वरच्या कडेला नखभर लांब तिरका ओरखडा आहे, आणि मागच्याच्या फ्लोट चेंबरच्या झाकणावर बाणाची खूण टोचलेली आहे. एचएस४ची वापरलेली जोडी कुणी विकायला आणली आणि या खुणा दिसल्या, तर मला कळवा.